जांघेतल्या गाठी काढल्यावर: जखम चिघळू नये, पाय सुजू नये यासाठी काय करता येतं

शिश्नाच्या कर्करोगात रुग्ण वाचणार की नाही, हे बहुतेक वेळा शिश्नावरच्या गाठीपेक्षा जांघेतल्या लसिका ग्रंथींवर ठरतं. लसिका म्हणजे शरीरात झिरपणारं, वेगळ्या बारीक वाहिन्यांतून परत जाणारं पाणी; ते गाळणाऱ्या छोट्या गाठी म्हणजे या ग्रंथी. हा रोग पसरतो तो ठरलेल्या वाटेने: आधी जांघेतल्या ग्रंथी, मग ओटीपोटातल्या, आणि त्यानंतर फुप्फुसांसारखे लांबचे अवयव. म्हणूनच रोग जांघेपर्यंतच पोचलेला असताना तिथल्या ग्रंथी नीट काढल्या, तर तो कायमचा बरा होऊ शकतो. अडचण अशी की जांघेत हाताला काहीही लागत नसलेल्या रुग्णांपैकीही साधारण पाचात किंवा चारात एकाच्या ग्रंथींमध्ये सूक्ष्म रोग दडलेला असतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. दडलेला रोग लवकर काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८४ टक्के रुग्ण या कर्करोगापासून वाचले होते; गाठ हाताला लागेपर्यंत थांबून मग शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं.

एवढं असूनही ही शस्त्रक्रिया टाळली जाते. शिश्नाचं ऑपरेशन झालं की ‘मुख्य गाठ तर निघाली’ म्हणून रुग्ण घरी जातो आणि जांघेच्या ऑपरेशनला येतच नाही. भीती सांगोवांगीची असते: जखम उघडते, महिनोन्महिने पाणी गळतं, पाय हत्तीसारखा सुजतो. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. जुन्या नोंदींमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांना काही ना काही त्रास झालेला दिसतो. मात्र त्या काळातलं ऑपरेशन आणि आजचं ऑपरेशन यात बराच फरक आहे, आणि यातल्या बहुतेक त्रासांमागचं कारण ठाऊक असल्याने त्यांवर आधीच उपाय करता येतो. महाराष्ट्रात हा विषय परका नाही. बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत या रोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा जास्त आढळत आलं आहे. शिश्नाच्या टोकावरची न मागे सरणारी कातडी, अस्वच्छता, तंबाखू आणि एचपीव्ही हा विषाणू ही त्यामागची मुख्य कारणं.

जांघच का चिघळते

काखेतल्या गाठी काढल्यावर जखम सहसा मुकाट्याने भरते, जांघेतली मात्र त्रास देते. याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण त्वचेच्या रक्तपुरवठ्याचं. जांघेच्या कातडीला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या मांडीच्या मुख्य धमनीतून निघतात आणि त्वचेखालच्या चरबीतून आडव्या पसरतात. ज्या ग्रंथी काढायच्या असतात, त्या याच चरबीत असतात. ग्रंथी काढताना या धमन्यांची मुळं बांधावीच लागतात. मग वरची कातडी जगते ती फक्त कडांकडून झिरपत येणाऱ्या रक्तावर. त्यात ती फार पातळ कापली गेली असेल, तर मधला भाग काळा पडतो.

दुसरं कारण लसिकेचं. पूर्ण पायाचं, बाह्य जननेंद्रियांचं आणि पोटाच्या खालच्या भागाच्या त्वचेचं लसिकाद्रव्य जांघेतल्याच ग्रंथींमधून वर जातं. ग्रंथी काढल्या की या वाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. त्यातून झिरपणारं पाणी आधी पोकळीत साठतं, आणि जुनी वाट बंद झाल्याने पुढे पायात तुंबतं.

तिसरं कारण जागेचं. जांघ घामट, घडीची, शौच आणि लघवीच्या जागेजवळची, आणि प्रत्येक पावलागणिक हलणारी. साठलेल्या पाण्याला इथे जंतू मिळायला वेळ लागत नाही. पाणी साठलं की कातडी खालच्या स्नायूला चिकटत नाही, चिकटली नाही की तिला खालून रक्त मिळत नाही, कातडी मेली की जंतू आत शिरतात. एक बिघाड दुसऱ्याला ओढून आणतो. म्हणून पहिल्या आठवड्यात साठणारं पाणी काबूत ठेवलं, तर पुढचे बरेच त्रास टळतात.

गरज नसताना मोठं ऑपरेशन नको

गुंतागुंत कमी करण्याचा सगळ्यांत मोठा उपाय शस्त्रक्रियागृहाबाहेरच ठरतो: कोणाला पूर्ण ऑपरेशन हवं आणि कोणाला नको. शिश्नावरच्या गाठीचा तुकडा तपासून ती किती खोल गेली आहे, पेशी किती विचित्र दिसतात, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरली आहे का, हे कळतं. अगदी वरवरची, कमी धोक्याची गाठ असेल तर जांघेवर फक्त नजर ठेवली जाते, अट एवढीच की रुग्णाने तपासणी चुकवता कामा नये. धोका मध्यम किंवा जास्त असेल आणि जांघेत काही लागत नसेल, तर पहारेकरी ग्रंथीची तपासणी म्हणजे सेंटिनल नोड बायोप्सी हा आज सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी गाठीभोवतीच्या त्वचेत टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं अगदी थोडं इंजेक्शन देतात. ते लसिकेच्या वाटेने जाऊन पहिल्या ग्रंथीत थांबतं आणि स्कॅनवर दिसतं. ऑपरेशनच्या वेळी निळा रंगही टोचतात. मग छोट्या कापातून, किरण ओळखणाऱ्या हातातल्या गॅमा प्रोबचा आवाज आणि निळा रंग यांच्या आधाराने तेवढीच ग्रंथी, फार तर दोन-तीन ग्रंथी काढून तपासतात. रोग नसेल तर त्या बाजूचं मोठं ऑपरेशन वाचतं. नंतर एक-दोन दिवस लघवी निळी-हिरवी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अनुभवी केंद्रांमध्ये या तपासणीनंतरचे त्रास दहात एकापेक्षाही कमी जणांना होतात, आणि बहुतेक किरकोळ असतात. पण ती अचूक नाही: रोग असूनही सुटण्याचं प्रमाण चांगल्या हातांतही साधारण पाच ते दहा टक्के असतं. त्यामुळे तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तरी पुढची दोन-तीन वर्षं जांघ नियमित दाखवावीच लागते.

न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे अशा किरणोत्सारी द्रव्याने तपासण्याची सोय नसलेल्या ठिकाणी मर्यादित शस्त्रक्रिया करतात. १९८८ साली कॅटालोना या अमेरिकन सर्जननी मांडलेल्या या पद्धतीत काप लहान असतो, मांडीच्या धमनीच्या बाहेरचा आणि खालचा भाग सोडून दिला जातो आणि सॅफेनस ही वरवरची मोठी शीर जपली जाते. काढलेल्या ग्रंथी तिथल्या तिथे गोठवून तपासतात. रोग आढळला तरच पूर्ण ऑपरेशन करतात.

हाताला गाठ लागत असेल, तर ती रोगाचीच असेल असं नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसंच शिश्नावरच्या पिकलेल्या गाठीमुळेही येतं. पूर्वी अशा वेळी चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन वाट पाहायची रीत होती. आता तसं करू नये: सोनोग्राफीखाली सुईने पेशी काढून लगेच तपासायच्या. त्यात रोग निघाला तर ऑपरेशन ठरवायचं, नाही निघाला आणि शंका उरली तर पुन्हा तपासायचं. दीड महिना गोळ्या खाण्यात घालवला तर तेवढ्यात गाठ मोठी होते, कातडीला चिकटते आणि मग ऑपरेशनही मोठं, त्रासही मोठा. गाठी मोठ्या, एकमेकींना चिकटलेल्या किंवा हलत नसतील तर आधी केमोथेरपी देऊन त्या लहान करून घेणं शहाणपणाचं असतं.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या हातात आहे: ऑपरेशन कुठे करून घ्यायचं. हा दुर्मिळ आजार आहे आणि वर्षाला एखादं असं ऑपरेशन होणाऱ्या ठिकाणी तंत्र हातात बसत नाही. ब्रिटनने २००२ पासून हे रुग्ण मोजक्या केंद्रांकडेच पाठवायचं धोरण ठेवलं ते याचसाठी. आपल्याकडे तसा नियम नाही, म्हणून ‘तुमच्याकडे ही ऑपरेशनं नियमित होतात का, सेंटिनल तपासणी होते का’ हे सरळ विचारावं. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

तारीख ठरली की

शिश्नावरची गाठ पिकलेली, वास मारणारी असेल तर आधी ती काढून तिथला जंतुसंसर्ग आटोक्यात आणतात आणि जांघेचं ऑपरेशन नंतर करतात. मधला काळ काही आठवड्यांचा असावा, महिन्यांचा नव्हे. या आठवड्यांत करण्यासारखं पुष्कळ असतं.

तंबाखू, बिडी, मिश्री, सगळं बंद. निकोटीनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि या ऑपरेशननंतर कातडी त्याच वाहिन्यांवर जगणार असते. किमान चार आठवडे आधी सोडलं तर जखमेला फायदा होतो. मधुमेह असेल तर साखर आधीच ताब्यात आणावी. ऑपरेशनच्या आसपास ती १८० च्या वर राहिली तर जखम पिकण्याची शक्यता वाढते. अशक्त रुग्णाने रोज वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, म्हणजे ५० किलोच्या माणसाने साधारण ६० ते ७५ ग्रॅम. नुसत्या भाकरी-आमटीत हे बसत नाही. अंडी, दूध, दही, मासे, जास्तीची डाळ, शेंगदाणे, सोयाबीन ठरवून खावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जांघेतला नायटा, गजकर्ण, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि टाचांच्या भेगा यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि नेमके तिथूनच जंतू शिरतात. हे सगळं ऑपरेशनआधी बरं करून घ्यावं. घरी ब्लेडने केस काढू नयेत. ब्लेडने पडणारे न दिसणारे ओरखडे जंतूंना वाट देतात. केस काढायचेच असतील तर ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयात मशीनने कापतात.

एक काम फारसं कुठे केलं जात नाही, पण ते व्हावं असं आमचं ठाम मत आहे: ऑपरेशनआधी दोन्ही पायांचा घेर मोजून लिहून ठेवणं. घोट्यापासून वर दर दहा सेंटिमीटरवर टेप लावून मोजायचं. पुढे सूज आली की नाही हा वाद या आकड्यांवरच मिटतो. दाबाच्या मोज्यांचं मापही तेव्हाच घ्यावं, कारण ऑपरेशननंतरच्या सुजलेल्या पायावर घेतलेलं माप चुकतं.

शस्त्रक्रियागृहात काय वेगळं केलं जातं

हा भाग सर्जनच्या हातचा, तरी रुग्णाला समजलेला बरा. काप जांघेच्या घडीला समांतर, तिच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली घेतात, म्हणजे आडव्या पसरलेल्या रक्तवाहिन्या कमीत कमी कापल्या जातात. घडीला छेदून जाणारा जुना लांब उभा काप याच कारणाने मागे पडला. दिल्लीच्या एम्समधून ‘रिव्हर फ्लो’ या नावाने मांडलेल्या पद्धतीत एका लांब कापाऐवजी दोन समांतर काप घेऊन मधल्या त्वचेचा पूल शाबूत ठेवतात, तोही याच विचाराने.

त्यानंतरची खरी कसोटी कातडीच्या जाडीची. त्वचेखाली आधी चरबीचा एक थर असतो, त्याखाली स्कार्पा नावाचा पातळ पडदा, आणि ग्रंथी त्या पडद्याखाली. वरचा चरबीचा थर कातडीलाच चिकटलेला ठेवून पडद्याच्या खालून गेलं, तर रोगही निघतो आणि कातडीही जगते. कातडी चिमट्याने दाबून धरायची नाही, हलक्या आकड्यांनी उचलायची, ओली ठेवायची. शेवटी कडा निळसर दिसली तर ती कापून टाकून मगच टाके घालायचे.

लसिकावाहिन्या नुसत्या जाळून बंद होत नाहीत. त्यांच्यात रक्तासारखं गोठणारं द्रव्य फारसं नसतं, त्यामुळे जाळलेलं तोंड पुन्हा उघडतं. म्हणून विशेषतः खालच्या आणि मधल्या कडेला त्या क्लिप लावून किंवा बांधून बंद करतात. सॅफेनस शीर रोगात अडकलेली नसेल तर वाचवतात. पायातलं रक्त परतायला तेवढीच जास्त वाट राहते. मांडीची मोठी रक्तवाहिनी उघडी पडत असेल तर सार्टोरियस हा पट्टीसारखा स्नायू वरून सोडवून तिच्यावर पांघरतात, म्हणजे पुढे जखम उघडली तरी रक्तवाहिनी झाकलेली राहते. पोकळी कमी व्हावी म्हणून कातडीची आतली बाजू काही टाक्यांनी स्नायूला टाचतात. जैविक गोंद फवारण्याचा प्रयोगही झाला, पण त्याने पाणी साठणं कमी होतं असं ठोसपणे दिसलेलं नाही. त्यावर जास्तीचे पैसे घालवण्याआधी विचार करावा.

दुर्बिणीतून किंवा रोबोटने केलेल्या ऑपरेशनमध्ये जांघेत काप नसतोच. मांडीवर खाली तीन छोटी छिद्रं पाडून आत गॅस भरून ग्रंथी काढतात. कातडी मरणं आणि जखम उघडणं यांत त्याचा स्पष्ट फायदा आहे. पाणी साठणं आणि पाय सुजणं मात्र त्याने फारसं टळत नाही, कारण ग्रंथी तर तेवढ्याच निघतात. कातडीला चिकटलेल्या मोठ्या गाठींना ही पद्धत योग्य नाही.

ड्रेनची नळी

ऑपरेशननंतर प्रत्येक बाजूला एक-एक ड्रेन असतो: त्वचेखाली भोकं असलेली नळी आणि बाहेर घड्या असलेला प्लास्टिकचा डबा. डबा दाबून चपटा केलेला असतो, तो हळूहळू फुलताना ओढ निर्माण करतो आणि आतलं पाणी बाहेर येतं. कातडीला स्नायूशी चिकटवून ठेवण्याचं काम ही ओढच करते. म्हणून डबा पूर्ण फुगलेला दिसला तर पाणी निघत असलं तरी ओढ संपली आहे असं समजावं.

रिकामा करताना आधी हात साबणाने धुवावेत. नळीवरची क्लिप बंद करावी, झाकण उघडून पाणी मापाच्या भांड्यात ओतावं, डबा सपाट जागेवर ठेवून पूर्ण चपटा दाबावा, दाबलेलाच धरून झाकण लावावं आणि मग नळीची क्लिप उघडावी. झाकण लावण्याआधी हात सोडला तर हवा शिरते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन ड्रेन असतील तर दोन्हींचे आकडे वेगवेगळे, तारीख आणि वेळ घालून वहीत लिहावेत. मोजणी रोज एकाच वेळी, म्हणजे चोवीस तासांची व्हावी. डबा नेहमी जांघेच्या खालच्या पातळीला, पण लोंबकळत नको. शर्टाला किंवा लुंगीला पिन लावून अडकवावा. नळीत गुठळी अडकली तर एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती डब्याकडे सुतत न्यावी.

पाणी पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, आणि नंतर गवती पिवळं होत जातं. चालायला लागल्यावर ते थोडं वाढतं, ते ठीक. पण दिवसाला दीडशे मिलिलिटर येणारं पाणी अचानक शून्यावर आलं आणि जांघ फुगली, तर पाणी थांबलेलं नसतं, नळी तुंबलेली असते. गढूळ, वासाचं पाणी म्हणजे जंतुसंसर्ग. पुन्हा ताजं लाल रक्त येऊ लागलं तर लगेच रुग्णालय.

सलग दोन दिवस चोवीस तासांत ५० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी आलं (काही सर्जन ३० ची मर्यादा ठेवतात) की नळी काढतात. याला एक आठवडा लागू शकतो, तीनही लागू शकतात. घरी जायची घाई म्हणून लवकर काढली तर पाणी साठतं. उगाच महिनाभर ठेवली तर नळीवाटे जंतू शिरतात. ड्रेन घेऊन घरी जाणं अगदी नेहमीचं आहे, फक्त वही आणि स्वच्छता हवी. नळी काढल्यावर थोडं पाणी साठून मऊ फुगवटा आला, दुखत नसेल, ताप नसेल, तर तो आपोआप जिरू द्यावा. मोठा, ताणलेला असेल तर डॉक्टर निर्जंतुक सुईने काढतात. जवळच्या दवाखान्यात जाऊन दर दोन दिवसांनी सुई टोचून घेणं धोक्याचं; स्वच्छ पाण्यात जंतू जातात ते अशाच वेळी.

पहिले चार आठवडे

पूर्वी आठवडाभर अंथरुणावर पाडून ठेवत. आता कातडीची मोठी पुनर्रचना केलेली नसेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उठवून चालवतात, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. कर्करोग आणि जांघेचं ऑपरेशन एकत्र आल्यावर हा धोका बराच असतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, बहुधा एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा, अनेकदा चार आठवड्यांपर्यंत देतात. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घरी आल्यावर ते बंद करू नये, आणि ते मांडीत टोचू नये. पोटावर किंवा दंडात.

चालावं, पण जांघ दुमडून बसू नये. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवायला बसणं, दुचाकी, सायकल, जिना वारंवार चढणं, हे टाके पक्के होईपर्यंत बंद. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर रुग्णालयातून निघण्याआधीच कमोड खुर्चीची सोय करावी. कितीतरी जखमा इथेच उसवतात. बसताना पाय पुढे टेकवून, झोपताना खाटेचा पायाकडचा भाग विटेएवढा उचलून. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, म्हणजे घाण जखमेकडे येत नाही. जांघेची घडी कोरडी ठेवणं हे निम्मं काम आहे: आंघोळीनंतर टिपून पुसावी, चोळू नये, पावडर घालू नये, घडीत स्वच्छ कोरडी जाळीपट्टी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. हळद, तेल, राख जखमेवर लावू नये.

अँटिबायोटिक ऑपरेशनच्या वेळी द्यायचं याबद्दल दुमत नाही. पुढे किती दिवस, यावर मात्र सर्जनांमध्ये मतभेद आहेत. ड्रेन असेपर्यंत सरसकट गोळ्या चालू ठेवण्यापेक्षा लालसरपणा, ताप, पू यांवर डोळा ठेवून गरजेला द्यावं, असं आम्हाला वाटतं.

कातडीची कड काळपट दिसू लागते ती साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. एखादा सेंटिमीटरची पट्टी असेल तर कोरडी ठेवली की ती खपलीसारखी सुटते. मोठा भाग असेल तर मेलेली कातडी काढून, ओढ देणारं व्हॅक ड्रेसिंग लावून, गरज पडली तर दुसरीकडची त्वचा लावून जखम भरतात. यात दडवण्यासारखं काही नाही, दाखवायला उशीर केल्यानेच नुकसान होतं, कारण पुढे केमोथेरपी किंवा रेडिएशन लागणार असेल तर उघड्या जखमेमुळे तेही लांबतं.

पोटरी दुखून सुजली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, १०१ अंशांवर ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. क्वचित उघड्या जखमेतून मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीतलं रक्त उसळतं. अशा वेळी स्वच्छ कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने पूर्ण जोर लावून दाबावं, रुग्णाला आडवं ठेवावं, आणि दाब न सोडताच रुग्णालयात न्यावं. कापड उचलून ‘थांबलं का’ बघू नये.

सुजणारा पाय

लसिका तुंबून आलेली सूज पहिल्या काही महिन्यांत दिसू लागते, कधी वर्षानेही. सुरुवातीला पाय जड वाटतो, मोज्याचा किंवा चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळी जास्त खोल दिसतो, रात्री पाय वर घेतला की उतरतो. उपाय या टप्प्यावर सुरू केला तर बहुतेकांची सूज आटोक्यात राहते. थांबलं तर साठलेल्या द्रव्यातल्या प्रथिनांमुळे त्वचेखाली तंतू वाढतात, पाय टणक होतो, आणि मग तो पहिल्यासारखा होत नाही. म्हणून महिन्यातून एकदा टेप लावायची. त्याच जागेवर आधीच्या मापापेक्षा दोन सेंटिमीटर वाढ दिसली, की दाखवायचं.

मुख्य उपाय दाबाचा मोजा. मांडीपर्यंतचा, क्लास २ म्हणजे साधारण २३ ते ३२ मिलिमीटर (पारा) दाबाचा, मापाचा. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करावा. पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर आधी तपासणी हवी. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, सूज उतरलेली असताना घालावा आणि झोपताना काढावा. गुडघ्यामागे किंवा मांडीवर त्याची गुंडाळी होऊ देऊ नये, तिथे दोरी आवळल्यासारखा दाब पडतो. दोन जोड असावेत, एक धुवायला एक घालायला. साधारण सहा महिन्यांत ताण सैल होतो, मग मोजा बदलायचा. सैल मोजा वर्षभर वापरून ‘फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच असतात. आधीच बरीच सूज असेल तर प्रथम फिजिओथेरपिस्टकडून थरांच्या पट्ट्या बांधून ती उतरवतात आणि मग मोज्याचं माप घेतात. लसिकेची मालिश अगदी हलकी, त्वचा सरकेल एवढीच असते. तेल लावून जोरात रगडल्याने सूज वाढते. लघवी होण्याच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. डाग देणं, जळवा लावणं, काप घेऊन रक्त काढणं तर अजिबात नको. प्रत्येक जखम जंतूंना दार उघडते. विदर्भासारख्या भागात हत्तीपायाची साथ असल्याने या सुजेलाही हत्तीपाय समजून त्याच्या गोळ्या घेतल्या जातात. तो आजार वेगळा, त्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. मात्र आधीपासून हत्तीपाय असेल तर सर्जनला ऑपरेशनआधीच सांगावं.

वृषणकोशाची आणि उरलेल्या शिश्नाची सूज पुरुष लाजेने लपवतात. घट्ट सुती लंगोट किंवा आधार देणारी चड्डी दिवसभर, आणि झोपताना खाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती जागा उचललेली, एवढ्याने सुरुवातीला चांगला फरक पडतो. डॉक्टरांनी रोजच हे पाहिलेलं असतं, त्यांना दाखवायला संकोच नको.

पाय जपणं आता कायमचं काम. शेतात अनवाणी जाऊ नये. चिखलात गमबूट, आणि घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच बसावं. रोज खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावावं, नखं सरळ कापावीत, त्या पायाला इंजेक्शन घेऊ नये. थंडी वाजून ताप आणि पाय लालबुंद, गरम, म्हणजे त्वचेखाली जंतू पसरले आहेत. अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं, आणि तो बरा होईपर्यंत मालिश बंद. असा प्रत्येक झटका उरलेल्या वाहिन्यांचं आणखी नुकसान करतो, म्हणून वर्षात दोनदा आला तर दीर्घकाळ पेनिसिलिन देण्याचा विचार करतात. वजन कमी करणं आणि मोजा घालून रोज चालणं यांचा फायदा औषधापेक्षा जास्त. एवढं करूनही सूज वाढत राहिली, तर लसिकावाहिनी शिरेला जोडणारी सूक्ष्म शस्त्रक्रिया काही मोठ्या केंद्रांत होते, आणि ती पाय टणक होण्याआधीच उपयोगी पडते.

सूज सहा-आठ महिने स्थिर राहून एकाएकी वाढली, दुखू लागली, किंवा जांघेत कडक गाठ लागली, तर नुसता मोजा बदलून भागणार नाही. शिरेत गुठळी झाली आहे का हे डॉपलर सोनोग्राफीने, आणि रोग परतला आहे का हे स्कॅनने व सुईच्या तपासणीने पाहावं लागतं. जांघेत रोग परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच परततो. म्हणून त्या काळात दर तीन महिन्यांनी आणि नंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी ठरवतात. प्रत्येक वेळी ड्रेनची वही, पायाच्या घेराचे आकडे आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्यावा.